वृद्धसेवा : खाटांचे गणित आणि घरी परतण्याची वाट

‘वृद्ध रुग्णांची संख्या वाढत आहे, तर त्यांच्यासाठी आणखी एक कक्ष का बांधत नाही?’ असा प्रश्न आमचे देणगीदार आम्हांस आपुलकीने विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर केवळ सदिच्छेने देता येत नाही. त्यासाठी संशोधनातून मिळालेला पुरावा आणि थोडे गणित यांचे साह्य घ्यावे लागते. हे गणित कसे मांडले जाते, ते येथे थोडक्यात सांगत आहोत.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ व त्याहून अधिक वयाच्या व्यक्ती सुमारे १० कोटी ४० लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होत्या. महाराष्ट्रात हेच प्रमाण ९.९ टक्के होते. २०५० पर्यंत देशातील हे प्रमाण २० टक्क्यांच्या वर जाईल, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ च्या अहवालात वर्तविला आहे. तेव्हा रुग्णसंख्या वाढणार, हे निश्चित. प्रश्न आहे तो तयारीचा.

रुग्णालयाच्या नियोजनासाठी जे गणिती प्रतिमान वापरतात, त्याचा गाभा सोपा आहे. रोज दाखल होणारे रुग्ण आणि प्रत्येकाच्या मुक्कामाचे सरासरी दिवस यांचा गुणाकार केला की सरासरी किती खाटा भरलेल्या राहतील, ते कळते. उदाहरणादाखल, रोज ४ वृद्ध दाखल होत असतील आणि प्रत्येक जण १० दिवस राहत असेल, तर ४० खाटा लागतात. उद्या रोज ५ रुग्ण येऊ लागले, तर ५० खाटा लागतील. परंतु मुक्काम ८ दिवसांवर आला, तर तेच ५ रुग्ण ४० खाटांत सामावतात. म्हणजे वाटा दोन : रुग्णालयात येण्याची वेळच कमी जणांवर यावी, अथवा आलेला रुग्ण लवकर बरा होऊन घरी परतावा.

पहिल्या वाटेविषयी भक्कम पुरावा आहे. वृद्धांच्या पडण्यासंबंधीच्या १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. त्यांत २३,००० हून अधिक व्यक्तींचा समावेश होता. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले.

दुसऱ्या वाटेचे उदाहरण खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णांचे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह १७ देशांतील २,९७० रुग्णांच्या चाचणीत, निदानानंतर सुमारे ६ तासांत शस्त्रक्रिया झालेल्यांची तुलना सुमारे २४ तासांनी शस्त्रक्रिया झालेल्यांशी केली गेली. मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत संभ्रमावस्था कमी आढळली आणि ते लवकर उभे राहून चालू लागले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मुक्काम कमी करणे म्हणजे रुग्णास घाईने घरी धाडणे नव्हे. घरी आधार नसेल, तर तोच रुग्ण काही दिवसांत परत येतो आणि गणितात पुन्हा दाखल होतो. म्हणूनच औषधे, स्मरणशक्ती, चालणे, आहार व घरची परिस्थिती यांचा एकत्रित विचार करणारी तपासणी महत्त्वाची ठरते. अशा तपासणीमुळे अधिक वृद्ध काही महिन्यांनंतरही स्वतःच्या घरी राहत असल्याचे २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात २९ चाचण्यांतून दिसून आले.

प्रतिमान हे भविष्यकथन नव्हे. हा पुरावा बहुतांशी संपन्न देशांतील आहे. तेथील आकडे येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्यांना आपल्याच केसपेपरवरील नोंदींची जोड द्यावी लागते. रुग्णाचे वय, दाखल झाल्याचा व घरी गेल्याचा दिवस, पुन्हा दाखल होण्याचे कारण, या साध्या नोंदी अचूक असतील, तरच गणित विश्वसनीय ठरते.

या कामी कुटुंबीयांचे साह्य मोलाचे आहे. येताना घरातील सर्व औषधे सोबत आणावीत, ‘एकदा घसरले होते’ ही गोष्ट क्षुल्लक मानू नये, न्हाणीघरात धरावयास कठडा बसवावा आणि शिकविलेला व्यायाम घरी सुरू ठेवावा, ही आमची विनंती.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. वेळेवर मोकळी झालेली प्रत्येक खाट अशा कोणाची तरी प्रतीक्षा संपविते. नव्या कक्षाची गरज कधीतरी भासेलच. तोपर्यंत फिजिओथेरपिस्टचे वेतन, परिचारिकेची गृहभेट, चालण्याचा वॉकर यांसाठी दिलेल्या देणगीची कोनशिला कोठेही बसत नाही. पण आपल्या पायांनी घराचा उंबरठा ओलांडणारे आजोबा किंवा आजी हीच तिची पावती होय.