खवळलेल्या प्रवाहाचे मापन : गोंगाट गाळण्याचे शास्त्र

चंडीगडला लागून असलेल्या झिरकपूर शहराच्या बलटाना भागातून सुखना चो हा ओढा वाहतो व पुढे घग्गर नदीला मिळतो. एरवी क्षीण असणाऱ्या या ओढ्याला सुखना तलावाचे दरवाजे उघडताच पूर येतो. ऑगस्ट २०२० मध्ये बलटाना परिसरात असेच पाणी शिरले होते. अशा पुरात पुलाच्या खांबाभोवतीची माती किती खरवडली जाईल, हे केवळ सरासरी वेगावरून सांगता येत नाही. तळावर खरा आघात करतात ते क्षणोक्षणी बदलणारे भोवरे.

अशा प्रवाहाला संक्षुब्ध प्रवाह म्हणतात. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८९५ मध्ये त्याच्या वेगाची सरासरी आणि चढउतार अशी विभागणी मांडली. अडचण येते ती प्रत्यक्ष मापनात. उपकरणाचा स्वतःचा गोंगाटही चढउतारांसारखाच दिसतो!

जलप्रवाहाच्या प्रयोगांत ध्वनिलहरींवर चालणारे डॉपलर वेगमापक वापरले जाते. पाण्यातील सूक्ष्म कणांवरून परतणाऱ्या लहरींच्या वारंवारतेतील फरकावरून ते वेग काढते. बुडबुडा मध्ये आला किंवा परतलेली लहर क्षीण झाली, की नोंदीत अचानक उसळी दिसते. शिवाय संपूर्ण नोंदीत बारीक थरथर असते ती वेगळीच. हवेच्या प्रयोगांत तापलेल्या अतिसूक्ष्म तारेने वेग मोजतात. तेथे ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याचा ठसा नोंदीत उमटू शकतो. तो मात्र ठरावीक जागी असल्याने सहज ओळखू येतो.

थरथर किती फसवी असते, याचे एक उदाहरण घेता येईल. प्रवाहातील खरे चढउतार सेकंदाला १० सेंटिमीटर आणि गोंगाट ५ सेंटिमीटर असेल, तर दोहोंची बेरीज वर्गांमध्ये होते : १०० अधिक २५. म्हणजे वेगात जेमतेम १२ टक्के फरक दिसला, तरी भोवऱ्यांची ऊर्जा २५ टक्के जास्त मोजली जाते. तिच्या आधारे केलेली बांधाची रचना विनाकारण महाग ठरू शकते.

येथे संशोधकांच्या मदतीला येतो आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांचा १९४१ मधील सिद्धांत. मोठे भोवरे लहान भोवऱ्यांना ऊर्जा देतात आणि मधल्या टप्प्यात वारंवारता आठपट झाली की वर्णपटातील ऊर्जा बत्तिसाव्या भागावर येते. गोंगाट मात्र सर्व वारंवारतांवर सारखाच पसरलेला असतो. त्यामुळे आलेखाची उतरती रेषा जेथे आडवी होते, तेथे बहुधा प्रवाह संपून उपकरण बोलू लागलेले असते. त्या सपाट भागाच्या उंचीवरून गोंगाटाचा अंदाज बांधून तो वजा करता येतो.

उसळ्यांसाठी वेगळा उपाय आहे. डेरेक गोरिंग आणि व्लादिमिर निकोरा यांनी २००२ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत वेग, त्यातील बदल आणि बदलातील बदल एकत्र मांडतात. खऱ्या नोंदी एका लंबगोलाच्या आत गोळा होतात. बाहेर पडलेल्या संशयित ठरतात. ही मर्यादा नोंदींच्या संख्येनुसार ठरते. दहा हजार नोंदींसाठी ती प्रमाण विचलनाच्या सुमारे ४.३ पट असते. वगळलेल्या जागी शेजारच्या नोंदींवरून काढलेले मूल्य भरतात.

गाळणी फार बारीक केली, तर मात्र खरे लहान भोवरेही निघून जातात. ऊर्जेचा अंतिम ऱ्हास याच भोवऱ्यांत होत असल्याने तो कमी मोजला जातो. ही चूक अधिक घातक, कारण तिच्यामुळे आघात प्रत्यक्षापेक्षा सौम्य भासतो. यावर उपाय म्हणून एकाच बिंदूवर दोन स्वतंत्र संवेदकांनी मापन करतात. दोघांचा गोंगाट परस्परांशी जुळत नाही, प्रवाह मात्र जुळतो.

१९१६ मध्ये सुरू झालेल्या आणि पुण्याजवळ खडकवासला येथे असलेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रासारख्या संस्थांत धरणे व नद्यांची लहान प्रतिरूपे उभारून प्रवाह अभ्यासला जातो. प्रतिरूपात भोवरेही लहान होतात आणि गोंगाटाचा वाटा वाढण्याची शक्यता असते. म्हणून गाळलेल्या नोंदींबरोबर मूळ नोंदी जपून ठेवणे आणि किती टक्के मूल्ये वगळली हे अहवालात नमूद करणे आवश्यक असते.