कुलवृत्तांत आणि डोळ्यांचा वारसा

आपल्यांपैकीं अनेकांच्या कपाटांत कुलवृत्तांताचा जाड ग्रंथ असतो. मूळ गांव कोणतें, कोण केव्हां जन्मला, कोण कोठें दत्तक गेला, हें सारें त्यांत सांपडतें. परंतु आजोबांना चाळिशीच्या आंतच वाचतां येईनासें कां झालें, याविषयीं त्यांत अक्षर नसतें. डोळ्यांच्या पिढीजात रोगाची खात्रीची माहिती शोधणाऱ्या कुटुंबास नेमकें हेंच हवें असतें.

बुबुळावरील कांचेसारख्या पारदर्शक पडद्यास कॉर्निया म्हणतात. आनुवंशिक दोषानें तो गढूळ होतो, त्या विकारांस ‘कॉर्नियल डिस्ट्रॉफी’ असें नांव आहे. हा एकच रोग नव्हे. प्रकार अनेक, आणि वारशाची रीतही निराळी. ‘ग्रॅन्युलर’ प्रकार आईबापांपैकीं एकाच्याच सदोष जनुकानें येतो, म्हणून पिढीमागून पिढी दिसतो. ‘मॅक्युलर’ मात्र लपून राहतो. आईबाप दोघेही उत्तम दृष्टीचे, पण दोघांच्या ठायीं एकेक सदोष जनुक असलें, तर प्रत्येक अपत्यास चारांत एक असा धोका असतो. लहान वा तरुण वयांत डाग पडूं लागतात, उजेड सोसवत नाहीं, पुढें वाचन कठीण होतें. या जनुकाचा शोध २००० सालीं लागला. २००३ सालीं हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेंतील संशोधकांनीं भारतीय कुटुंबांत आढळलेले त्याचे दोष प्रसिद्ध केले.

येथें एका जुन्या चालीचा उल्लेख करणें भाग आहे. मामाच्या मुलीशीं विवाह महाराष्ट्रांतील अनेक समाजांत, देशस्थांच्या कांहीं घराण्यांतही, संमत होता. अशा नात्यांत लपलेला तोच दोष दोन्ही बाजूंनीं येण्याचा संभव वाढतो. तरीही लग्न जुळवितांना ‘मुलाचा नंबर जरा अधिक आहे’ एवढें सांगून वेळ मारून नेतात. ही लबाडी, आमच्या मतें, खोटी पत्रिका दाखविण्याहून वाईट.

मग माहिती मिळावी कोठून? अर्धी घरांतच असते. एक भाऊ बोरिवलीस, दुसरा मुलुंडास, आत्या घाटकोपरास. पण मंगळागौरीस वा श्राद्धपक्षास सारीं जमतात. तेव्हां वृद्ध स्त्रियांस विचारावें: कोणास उजेड सोसत नसे, कोणाची दृष्टी कोणत्या वयांत गेली, कोणाचें लग्न नात्यांत झालें. तें वंशावळीवर टिपून कॉर्नियाच्या तज्ज्ञाकडे न्यावें. चष्म्याच्या दुकानांतील तपासणी येथें पुरी पडत नाहीं. रोगाचें पूर्ण नांव लिहून मागावें, कारण नुसत्या ‘डिस्ट्रॉफी’वरून वाचलेली माहिती भलत्याच प्रकाराची निघते. व्हिएन्नाच्या अर्न्स्ट फुक्स यांनीं १९१० सालीं वर्णिलेल्या विकाराचेंच पाहा. तो बहुधा उतारवयांत दिसतो, सकाळीं उठल्यावर धूसरपणा अधिक असतो, आणि घरचीं माणसें त्यास मोतीबिंदू समजतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनें असा पडदा अधिक सुजूं शकतो. म्हणून घराण्यांत हा रोग असल्यास शस्त्रवैद्यास आधींच सांगावें.

पडदा फार बिघडल्यास मृत दात्याच्या कॉर्नियाचें रोपण करितात. दृष्टि पुष्कळदां चांगली येते. मात्र ‘ग्रॅन्युलर’सारख्या प्रकारांत कांहीं वर्षांनीं डाग पुन्हां येऊं शकतात. या रोपणासाठीं मुंबई राज्यानें १९५७ सालींच कायदा केला होता. उणीव आहे ती दात्यांची. दात्यास चष्मा वा मधुमेह असला तरी चालतें. मृत्यूनंतर सहा तासांच्या आंत, शक्य तितक्या लवकर, नेत्र द्यावे लागतात. तोंवर पंखा बंद ठेवून मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवावा. नेत्रपेढीस दूरध्वनि कोणी करावयाचा, हें घरांत आधींच ठरवून ठेवावें.