कुजवण्याची कारागिरी आणि मुंबईची चूल

एरंडोल म्हटले की परगावचा मनुष्य पांडववाड्याची किंवा पद्मालयाच्या गणपतीची आठवण काढतो. पण या गावाची एकेकाळची ख्याती देशी कागदाबद्दल होती आणि खानदेशच्या जुन्या गॅझेटियरातही तिची नोंद आहे, ही गोष्ट आता गावातल्यांच्याही फारशी स्मरणात उरलेली नाही. हातकागद व्हायचा तो चिंध्या, झिजलेले दोरखंड, फाटकी तरटे भिजवून, कुजवून आणि कुटून. ज्या जिनसेला उकिरड्याखेरीज ठिकाण उरले नव्हते, तिच्यावरच उद्या कचेरीतले दस्तऐवज उमटायचे. नीट कुजवणे ही एक कारागिरी आहे, हे कागद करणाऱ्यांना ठाऊक होते. मुंबईसारख्या महानगराच्या ऊर्जेचा विचार करताना मला तीच कारागिरी आठवते.

विजेची आपली कल्पना अजून भुसावळजवळच्या दीपनगरच्या धुरांड्यांभोवती घुटमळते: दूर कुठेतरी कोळसा जाळायचा, त्याच्या उष्णतेतील जेमतेम तृतीयांश विजेत उतरवायची आणि ती तारांवरून शेकडो कोस न्यायची. तारा अबाधित आहेत तोवर हा बंदोबस्त चोख वाटतो. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी कळवा-पडघा परिसरातील वीजवहनात बिघाड झाला आणि मुंबईच्या लोकलगाड्या जागच्या जागी थबकल्या, तेव्हा शहराला आपल्या परावलंबनाची पुरती जाणीव झाली.

मग प्रत्येक इमारतीने आपल्या गच्चीवर वीज का करू नये? आमच्याकडे हा हिशेब सोपा आहे. एरंडोलच्या धाब्याच्या घराला तीस चौरस मीटर मोकळे छत असले की तीन किलोवॅटचे सौरपट्ट बसतात आणि दिवसाकाठी सुमारे बारा युनिटे मिळतात; दिवसाची शिल्लक वीज महावितरणला देऊन बिलात तिची वजावट मिळवण्याची सोयही 2015 सालापासून नियमांनी करून ठेवली आहे. (खानदेशच्या उन्हाचा अभिमान मात्र जपून बाळगावा, पट्ट पंचवीस अंशांहून जितका तापेल तितकी दर अंशामागे सुमारे 0.4 टक्के वीज घटते आणि वैशाखातली आमची धाबी किती तापतात हे सांगायला नको.) मुंबईत वीस मजल्यांच्या, ऐंशी बिऱ्हाडांच्या इमारतीला गच्ची मिळते ती तीनशे चौरस मीटरांची, तिच्यावरील तीस किलोवॅटांतून येणारी एकशेवीस युनिटे वाटली तर घरटी दीड युनिट येते. त्यावर उद्वाहन आणि पाण्याचा पंप चालावा, जिन्यातले दिवे लागावेत. याहून अधिक अपेक्षा करू नये.

परंतु त्याच ऐंशी बिऱ्हाडांच्या मोऱ्यांतून आणि बादल्यांतून दररोज जे खाली उतरते, त्याची दखल मुंबईने सव्वाशे वर्षांपूर्वीच घेतली होती. 1890 साली माटुंग्याला निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उभा राहिला तो म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांच्या खटपटीने. शंकर तुकाराम शाळिग्रामांसह मराठी पोवाडे संग्रहित करून प्रसिद्ध करणारे ते हेच गृहस्थ. त्या आश्रमाच्या मैलाटाकीवर 1897 साली वायू गोळा करण्याची तजवीज झाली. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढले, त्यांच्या विष्ठेतून निघालेला वायू उपयोगात येत होता, आणि गाव मात्र पुढे समुद्रात मैला सोडीत राहिले.

हा वायू म्हणजे मुख्यत्वे मिथेन. हवा न लागता सेंद्रिय पदार्थ कुजला की तो निर्माण होतो. कचऱ्याच्या डोंगरातही होतो, पण तेथून निसटला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता वातावरणात कोंडतो. आपण त्याच्यासाठी बंद टाक्यांत वर्षानुवर्षे शेणच घालीत आलो. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांनी त्यावर मार्मिक विचार मांडला: शेणातले जंतू गुरांच्या पोटातले, आणि शेण हे तर गुरांनी सत्त्व काढून घेतल्यावर उरलेले उष्टे; तेव्हा जंतूंना थेट पिष्ट आणि साखरच का देऊ नये? शिळा भात, पिठाचा कोंडा, सडकी केळी यांवर चालणारे त्यांचे दोन टाक्यांचे घरगुती संयंत्र 2006 साली लंडनच्या ॲश्डेन पुरस्काराने गौरवले गेले. तिकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ संयंत्र सिद्ध केले. त्यात ओला कचरा आधी दळून, गरम पाण्यात उष्णताप्रिय जंतूंकडून अर्धवट पचवून घेतात आणि मगच बंद टाकीत सोडतात, जणू त्याला दोन जठरे दिली आहेत.

ऐंशी बिऱ्हाडांचा घरटी अर्धा किलो धरला तर चाळीस किलो ओला कचरा होतो. त्याचा वायू सुमारे चार घनमीटर, म्हणजे दोन किलो गॅसच्या तोडीचा. आठवड्याला एक सिलिंडर. ऐंशी घरांत एक सिलिंडर ही मिळकत क्षुल्लक वाटेल, पण तेवढाच कचरा देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर जाण्यापासूनही वाचतो.

घाटकोपरला एका नातलगाच्या इमारतीतले असे संयंत्र मी पाहिले, तेव्हा ते बंद होते. पात्याला दुधाच्या पिशव्यांचे कोपरे आणि हाराचा दोरा गुंडाळला होता. पहारेकरी उकिडवा बसून चाकूने एक एक धागा कापीत होता आणि वरच्या मजल्यावरून आणखी एक बादली, न निवडलेली, उद्वाहनातून खाली येत होती.