वाकलेला चिमटा बदलताना
आपली बिनगिअरची सायकल खड्ड्यात आदळून पुढचा चिमटा वाकला, तर तो ठोकून सरळ करून घेण्याचा मोह टाळावा. वाकलेले पोलाद पुन्हा वाकवताना त्यात बारीक भेग पडू शकते. धावत्या सायकलीचा चिमटा तुटला तर स्वार तोंडावरच आपटतो, आणि उतारवयातील हाडांना तो आघात सोसत नाही.

नवा घेताना जुना चिमटा सोबत न्यावा. हँडलकडे जाणाऱ्या नळीचा व्यास २५.४ मिलिमीटर आहे की २८.६, हे आधी मोजून घ्यावे. नळीची लांबी, आटे आणि चाकाचे मापही जुळले पाहिजे. खालचा बाक जुन्याइतकाच असावा, अन्यथा सवयीचे हँडल परके वाटू लागते. शर्यतीच्या ट्रॅक सायकलींच्या चिमट्याला बहुधा ब्रेकसाठी छिद्रच नसते. तो कितीही देखणा असला तरी घरच्या आजोबांसाठी नको. कार्बनचा चिमटा हलका खरा, पण आमची पसंती पोलादालाच. ते तुटण्यापूर्वी बहुधा वाकून इशारा देते.