वय झाले, पण बॅट ठेवली नाही

"मास्तर, आता आमचं वय झालं. या वयात काय शिकायचं?" असे पुष्कळ जण आम्हाला म्हणतात. कुणी चाळिशीचे असतात, कुणी पन्नाशीचे. त्यांना आम्ही पुण्याच्या देवधरांची हकीकत सांगतो. आज ती तुम्ही स्वतःच वाचा.

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी झाला. पुण्याच्या सर परशुरामभाऊ कॉलेजात ते संस्कृत शिकवीत. पण त्यांना क्रिकेटचा भारी नाद! क्रिकेट म्हणजे चेंडूफळी. आपली पोरं माळावर खेळतात, तोच हा खेळ.

१९२६ साली इंग्लंडचा एक बलाढ्य संघ आपल्याकडे आला. तेव्हा राज्य इंग्रजांचे होते. मुंबईच्या सामन्यात देवधरांनी त्या संघाविरुद्ध १४८ धावा काढल्या.

पुढे १९३२ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला. दोन देशांचे संघ खेळतात, त्या मोठ्या सामन्याला कसोटी सामना म्हणतात. भारताचा पहिला कसोटी सामना त्या साली झाला. पण त्या संघात देवधर नव्हते. तेव्हा त्यांचे वय ४० होते. पुढेही त्यांना कसोटी सामना कधीच खेळायला मिळाला नाही.

दुसरा कुणी असता, तर बॅट खुंटीला टांगून बसला असता. देवधर खेळतच राहिले.

आपल्या देशात रणजी करंडकाची स्पर्धा असते. देवधर महाराष्ट्राच्या संघाचे कप्तान होते. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्राने हा करंडक जिंकला. दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध देवधरांनी एका डावात २४६ धावा काढल्या. तेव्हा ते ४८ वर्षांचे होते! १९४४ साली नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शंभरावर धावा काढल्या. तेव्हा वय होते ५२.

त्यांच्या लेकीही खेळात मागे नव्हत्या. जाळीवरून फूल मारण्याच्या खेळाला बॅडमिंटन म्हणतात. तारा, सुंदर आणि सुमन या तिघी बहिणींनी त्यात देशभर नाव काढले.

देवधरांनी आपल्या आठवणी पुस्तकात लिहून ठेवल्या. १९७३ साली त्यांच्या नावाने देवधर करंडकाची स्पर्धा सुरू झाली. सरकारने १९९१ साली त्यांना पद्मभूषण दिले. २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यात ते वारले. तेव्हा त्यांच्या वयाची शंभरी उलटून गेली होती.

कसोटीची संधी हुकली, ती हुकलीच. पण हाती जे उरले होते, ते देवधरांनी नेटाने केले. आपल्यापैकी पुष्कळांची शाळा लहानपणी हुकली. कुणी गुरे राखली, कुणी धाकटी भावंडे सांभाळली. तो काळ काही परत येत नाही. पण तुम्ही ही हकीकत शेवटपर्यंत वाचलीत ना? मग वय झालं, असं कसं म्हणता? उद्या वर्गाला या. येताना शेजाऱ्यालाही घेऊन या.