बायोडाट्यात तारखा लिहाव्यात की नाही?

पेढीवर माल आला की आम्ही आधी चलन पाहतो. कापड कितीही चांगले असो, चलनावर तारीख नसेल तर मनात शंका येते. नोकरीच्या अर्जाचेही तसेच आहे.

आपल्या व्यापारी व कारागीर घरांतील मुले आता कंपन्यांत नोकरीसाठी अर्ज करतात. मध्ये वर्ष-दोन वर्षे काम नसले की ती विचारतात, "तारखा गाळल्या तर चालेल का?" आमचे उत्तर आहे, गाळू नका.

मागे आम्हाला हिशेबासाठी माणूस हवा होता. एका अर्जात तीन कारखान्यांची नावे होती, तारीख एकही नव्हती. हा कुठे टिकत नसावा, असे समजून आम्ही अर्ज बाजूला ठेवला. नंतर कळले की त्याने एकाच ठिकाणी सात वर्षे इमानाने काम केले होते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो कारखाना बंद पडला आणि पुढचे दीड वर्ष वडिलांच्या आजारपणात गेले. त्याने हे लिहायला हवे होते, आणि आम्हीही विचारायला हवे होते. तोवर जागा भरली होती.

तेव्हा बायोडाटा असा लिहावा. शेवटचे काम सर्वांत वर. दिवस नको, महिना व वर्ष पुरे: "जून २०१३ ते मार्च २०२०, यंत्रमाग कारखाना, हिशेबनीस." मधला काळ रिकामा सोडू नये. "घरातील आजारपणामुळे काम बंद" ही एक ओळ पुरते. वडिलांच्या दुकानात विक्री किंवा उधारीची वसुली केली असेल तर तेही कामच आहे, तारखांसह लिहावे. वय जास्त असेल तर पंधरा-वीस वर्षांपूर्वीची कामे "आधीचा अनुभव" म्हणून थोडक्यात, तारखांशिवाय दिली तरी चालतात.

पण तारीख ओढून-ताणून वाढवू नये. ज्यांचा प्रॉव्हिडंट फंड कापला जातो, त्यांच्या खात्यावर कामाला लागल्याची व सोडल्याची तारीख नोंदलेली असते. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला बारा अंकी यूएएन क्रमांक मिळतो आणि नोकरी बदलली तरी तोच राहतो. नवी कंपनी हा क्रमांक मागते, तेव्हा खोटी तारीख लपत नाही. अर्ज करण्यापूर्वी आपली नोंद स्वतः पाहून घ्यावी.

शेवटी एक गोष्ट आम्हा मालक मंडळींसाठी. आपल्याकडे पगार पुष्कळदा रोखीने आणि हिशेब वहीत असतो. नोकर गेला की त्याच्या हाती काहीच कागद राहत नाही. तो सोडून जाताना लेटरहेडवर चार ओळी लिहून द्याव्यात: काम काय, केव्हापासून केव्हापर्यंत, खाली सही व शिक्का. आपली पाच मिनिटे जातात, त्याची मात्र सात वर्षे वाचतात.