विहार, तुळशी आणि मनाईचा हुकूम

मुंबई बेटावरील विहिरी आणि तळी यांना वाढत्या वस्तीची तहान भागवणे अशक्य झाले, तेव्हा साष्टीच्या डोंगरात उगम पावणारी मिठी नदी तेथेच बांध घालून अडवावी आणि तिचे पाणी नळाने शहरात आणावे, ही तजवीज हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याने मांडली आणि ती सरकारदरबारी मंजूर झाली. १८५६ साली सुरू झालेले विहारचे काम १८६० मध्ये पुरे झाले. मागोमाग १८७९ साली तुळशी आणि आणखी दहाबारा वर्षांनी पवई, असे तीन जलाशय एकाच मुलुखात उभे राहिले. या डोंगरांना पाणी साठवण्याची विद्या काही नवी नव्हती. कान्हेरीच्या भिक्षूंनी शेकडो वर्षांपूर्वीच लेण्यालेण्यांपाशी पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, कोरून पावसाचा थेंब न् थेंब त्यांत उतरवण्याचा चोख बंदोबस्त केला होता.

आज हिशेब मांडला, तर विहारची क्षमता सुमारे २,७७० कोटी लिटर आणि तुळशीची सुमारे ८०५ कोटी भरते. म्हणजे दोन्ही तलाव काठोकाठ भरले तरी केवळ त्यांचे पाणी आजच्या मुंबईला जेमतेम नऊ दिवस पुरेल. शहराची खरी मदार भातसा, वैतरणा, तानसा अशा दूरच्या धरणांवर आहे. मग या दोन म्हाताऱ्या तलावांचे मोल ते कोणते? माझ्या मते ते पाण्यापेक्षा पाण्याभोवतीच्या रानात अधिक आहे, आणि ते रान राहिले याचे श्रेय एका रूक्ष सरकारी मनाईस द्यावे लागते.

पिण्याच्या पाण्यात घाण जाऊ नये म्हणून पाणलोट क्षेत्रात वस्ती, शेती आणि गुरेचराई यांना मज्जाव करणे, एवढाच त्या मनाईचा हेतू. बिबळ्याचे वा हळदीकुंकू बदकाचे हित हुकूम काढणाऱ्यांच्या मनात असण्याचे कारण नव्हते. परंतु निसर्गाची वहिवाट अशी, की जे पाण्याला मानवते तेच रानालाही मानवते. आषाढातील मुसळधार सर उघड्या मातीवर कोसळली की प्रत्येक थेंब मातीचे कण उडवतो आणि गढूळ लोंढा तलावात गाळ आणून टाकतो. तीच सर साग-ऐनाच्या पानांवर फुटून पाचोळ्यावर उतरली की पाणी जमिनीत मुरते आणि झऱ्यांवाटे सावकाश, निवळून, तलावास मिळते. गढूळपणा कमी असला की तुरटी कमी लागते, आणि गाळाच्या कणांआड दडून क्लोरिनला चुकवणारे जंतूही कमी राहतात. रान हा शुद्धीकरणाच्या कारखान्याचा पहिला विभागच होय, आणि त्याला पगार द्यावा लागत नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरू लागले की काठाशी चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्यातील किडे आणि गोगलगायी टिपण्यास शेकाटे, तुतवार आणि बगळे जमतात. जरा खोल पाण्यात वारकरी पोहत असतात आणि पाणकावळे बुड्या मारून मासे पकडतात. मात्र या तलावांचा खरा धनी म्हणजे मगर. हिवाळा सरता सरता मादी पाण्यापासून थोड्या अंतरावर, उताराच्या भुसभुशीत मातीत मागच्या पायांनी खळगा करते, त्यात पंचवीस-तीस अंडी घालून माती लोटते आणि सुमारे दोन महिने आसपास पहारा देते. पिलू नर होणार की मादी, हे त्या मातीच्या उष्णतेवर ठरते. पिले अंड्यातूनच साद घालू लागली की मादी घरटे उकरते आणि ज्या जबड्याने ती एरवी शिकार फोडते, त्याच जबड्यात पिलांना अलगद धरून पाण्यात नेऊन सोडते. हा सारा संसार मातीच्या मऊ काठावर अवलंबून आहे. तेथे दगडी भिंत आली की मगर जगेल, पण तिचा वंश खुंटेल.

पवईच्या नशिबी मात्र वेगळेच आले. तिचे पाणी पिण्यास अयोग्य ठरले, तशी पाण्यामागची कडक राखणही सैल पडली. भोवती शहर दाटले, सांडपाणी आले, आणि त्या सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस यांवर जलपर्णी फोफावली. विहारला जाण्यास परवाना लागतो. पवईचा काठ मात्र फिरायला आणि सूर्यास्त पाहायला मोकळा आहे, आणि एवढ्या गर्दीच्या शहराला असा मोकळा काठ असू नये, असे कोणीही सुज्ञ माणूस म्हणणार नाही. विरंगुळ्याचे वावडे मगरीलाही नाही. वावडे आहे ते भराव घालण्याचे. काठाशी भराव टाकून सायकलींचा मार्ग बांधण्याचे काम महापालिकेने हाती घेतले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ते बेकायदा ठरवून भराव काढण्यास फर्मावले. निकाल योग्यच झाला. पण नाल्यांतून येणारे सांडपाणी जोवर थांबत नाही, तोवर जलपर्णी उपसण्याचे कामही संपायचे नाही.